तेराच्या खाली

१२ जानेवारी

ही डायरी साहेबांनी दिली. औषधकंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात. म्हणाले, "तोंडाने सगळ्यांना सांगत फिरतेस, ते एकदा लिहून ठेव." साहेब म्हणजे आमच्या लॅबचे डॉक्टर. रिपोर्टवर सही त्यांची, बाकी सगळं माझं, असं मी म्हणते आणि ते हसून सोडून देतात. एकोणतीस वर्षं झाली मला रक्त बघायला लागून.

तर जे सांगत फिरते ते असं. रक्त कमी आहे म्हटलं की लोक लोहाच्या गोळ्या लिहून देतात आणि मोकळे होतात. पण लाल पेशी लहान असण्याची दोन मोठी कारणं आहेत. एक, अंगात लोह नाही. मग शरीर पेशी लहान करतं आणि थोड्याच करतं, शिवाय एक एवढी तर एक तेवढी. दुसरं कारण वारशाचं. आईबापांपैकी कोणाकडून तरी आलेलं. त्यात पेशी लहान असतात पण भरपूर असतात, आणि बहुतेक एकाच मापाच्या. अशा माणसाला लोह देऊन काही उपयोग नाही, त्याचं तसंच चालायचं. म्हणून पेशींच्या आकाराला पेशींच्या संख्येने भागायचं. उत्तर तेराच्या खाली आलं तर वारसा, तेराच्या वर आलं तर लोह. मशीन दोन्ही आकडे देतंच, नुसता भागाकार करायचा आळस. साहेब म्हणतात हा अंदाज आहे, निकाल नाही. बरं, अंदाज तर अंदाज.

आईने डायरी चाळली आणि जाहिरातीत शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासलेली बाई. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी औषधाच्या डबीवरचा मजकूर लाल पेन हातात घेऊन वाचते. आम्ही दोघीच घरात, त्यामुळे तिच्या तावडीत मीच सापडते.

२३ जानेवारी

एक बसकंडक्टर बाई आली होती. सहा वर्षं लोहाच्या गोळ्या खातेय. पोटाची वाट लागली आणि रक्त होतं तिथेच. भागाकार केला, अकरा. साहेबांना दाखवून हिमोग्लोबिनच्या प्रकारांची मोठी तपासणी बाहेर पाठवली होती, तिचा निकाल आज आला. वारसाच. गोळ्या बंद. बाई खुर्चीत बसून रडली, आनंदाने. सहा वर्षं नवरा तिला म्हणत होता की तू नीट जेवत नाहीस.

दिवसभर मी जमिनीवर नव्हते. नवीन आलेल्या लोकांना पुन्हा एकदा ट्यूब कशी धरायची ते शिकवलं. रक्त उभं ठेवलं की पेशी खाली बसतात, म्हणून मशीनला लावण्याआधी ट्यूब हलक्या हाताने आठ वेळा उलटीसुलटी करायची. सात नाही, आठ. माझ्या पाठीमागे ते मला "आठ वेळा" म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणू देत.

५ फेब्रुवारी

माझं स्वतःचं रक्त लावलं. आकार चौसष्ट, संख्या पाच पॉइंट आठ. अकरा! मोठी तपासणीही करून घेतली. मी वारशातली निघाले. इतकी वर्षं थकवा आला की म्हणायचे वय झालं, आणि आत हे.

आता हे आलं कोणाकडून? बाबांना जाऊन वीस वर्षं झाली, त्यांचं रक्त कोणी कधी बघितलं नाही. पण आई गेल्या वर्षीपासून फिकट आहे. तिच्या डॉक्टरांकडच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन दहा पॉइंट सहा होतं आणि तेव्हापासून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. माझा चेहरा आईचा, आवाज आईचा, फटकळपणा तर अगदी तिचाच. रक्त दुसऱ्या कोणाचं असणार?

१९ फेब्रुवारी

सकाळी साडेसहाला घरीच आईचं रक्त काढलं. ती म्हणाली, "एवढी सत्तर वर्षं टिकलं, आज काय नवीन निघणार?" ट्यूब पर्सच्या कप्प्यात उभी ठेवून आठला लॅबमध्ये पोचले. कोणी आलं नव्हतं. साहेब येण्याआधी बघायचं होतं, एप्रनसुद्धा नंतर घातला. आकार सत्तर, संख्या पाच पॉइंट पाच. बारा पॉइंट सात!

तेराच्या खाली. म्हटलं होतं की नाही. हिमोग्लोबिनही साडेअकरा, म्हणजे कमी होण्याऐवजी वाढलंच आहे. पेशींच्या आकारातली तफावत जरा जास्त दाखवतंय, अठरा. पण मशीनची सफाई कधीची राहिली आहे. साहेबांना दाखवलं नाही, घरचंच तर आहे. मोठी तपासणी पुढे कधीतरी करू, घाई काय.

संध्याकाळी आईला सांगितलं की आपलं रक्तच असं आहे, तुला काही झालेलं नाही, गोळ्या बंद. तिने डबी माझ्यासमोर केराच्या टोपलीत टाकली आणि म्हणाली, "बरं झालं घरात एक शहाणं माणूस आहे." आई असं सहसा बोलत नाही. मला फार बरं वाटलं.

८ मार्च

आई खूश आहे. गोळ्यांनी पोट घट्ट व्हायचं, ते थांबलं. धाकटीला फोन करून सगळी कथा सांगितली. धाकटी माझी बहीण, सहा वर्षांनी लहान, सासरी दूरच्या शहरात असते. ती म्हणाली, "ताई, तू डॉक्टरच व्हायला हवी होतीस."

सकाळी मी किल्ली शोधत होते तेव्हा आईने विचारलं, गोळ्या बंद केल्यावर किती दिवस काळं होतं. लोहाने शौचाला काळं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हटलं, आठवडाभर. ती बरं म्हणाली. किल्ली शेवटी तिच्याच शब्दकोशाखाली सापडली.

२ एप्रिल

उकाडा वाढलाय. आईला बर्फाचं वेड लागलंय. फ्रीजमधला ट्रे दिवसातून दोनदा रिकामा करते आणि कुडुम कुडुम चावत पेपर वाचते. मी म्हटलं, दात जातील. म्हणाली, दात माझे आहेत का, डॉक्टरांचे आहेत. कवळीवरून तिची नेहमीची थट्टा. मी दुसरा ट्रे आणला.

१४ मे

आई आता वाचनालयात आठवड्यातून एकदाच जाते. जिना चढताना मध्ये थांबते आणि भिंतीवरच्या सूचना वाचत असल्याचं सोंग करते. मी ओळखते. वय झालं की थांबायचंच. गाउन खांद्यावरून घसरतो म्हणून दोन टाके मारून दिले.

धाकटीचा फोन आला. आईला एकदा नीट दाखवू या का, असं दोनदा म्हणाली. मला जरा लागलं. मी रोज आईजवळ आहे, रोज रक्त बघते, आणि ही तिकडून शिकवणार. म्हटलं, तू लांबून काळजी करू नकोस, मी आहे ना. ती काहीतरी बोलणार होती, मग म्हणाली ठीक आहे आणि फोन ठेवला. उगाच रुसते.

९ जून

आई वाचनालयाच्या पायऱ्यांवर पडली. ग्रंथपाल बाईंनी रिक्षात घालून इस्पितळात आणलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा ती पलंगावर होती, चादर आणि ती एकाच रंगाची. मला बघून म्हणाली, "पुस्तक परत करायचं राहिलं."

तिथल्या लॅबचा रिपोर्ट माझ्या हातात दिला. हिमोग्लोबिन सहा पॉइंट एक. आकार बासष्ट, संख्या तीन पॉइंट चार. भागाकार माझ्या डोक्यात आपोआप झाला. अठराच्या वर.

डॉक्टरांनी विचारलं, शौचावाटे रक्त जातंय का, काळं होतंय का. आई म्हणाली, तीनचार महिने होतंय, मधूनमधून लालही. डॉक्टर म्हणाले, कोणाला सांगितलं नाहीत? आईने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "या वयात कोण तक्रारी सांगत बसतं." मी तिथेच उभी होते.

११ जून

रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या. गालांवर जरा रंग आला आणि आल्याबरोबर तिने पिशवीवरच्या लेबलातली चूक दाखवली.

दुपारी लॅबमध्ये गेले. मशीनच्या स्मृतीत फेब्रुवारीचे आकडे होते. मी त्या दिवशी फक्त दोन आकडे बघितले होते, आज सगळे बघितले. पांढऱ्या पेशी निम्म्या. प्लेटलेट्स तर नावाला. आईच्या अंगात असं काही नव्हतं, असं ट्यूबमध्ये होतं. दीड तास पर्समध्ये उभी राहिलेली ट्यूब. लाल पेशी तळाला बसलेल्या, बाकीच्या वर राहिलेल्या, आणि मशीनची सुई तळातूनच ओढते. पाच पॉइंट पाच ही आईची संख्या नव्हती, गाळाची होती. खरी साडेचारच्या आसपास असेल. सत्तर भागिले साडेचार. साडेपंधरा. आणि हिमोग्लोबिन साडेअकरा नव्हतंच, साडेनऊ असेल, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा उतरलेलं.

मी ट्यूब हलवली नव्हती. एकदाही नाही. आठ वेळा.

पेशी खाली बसल्याने आकारातली तफावत बदलत नाही. ती अठरा होती, ती खरीच होती, एक पेशी एवढी तर एक तेवढी, लोह नसल्याची खूण. त्या एकाच आकड्याने मला खरं सांगितलं आणि मी मशीनला दोष दिला. लोह कमी पडलेली माणसं बर्फ चावतात, खडू खातात, हे मी नवीन लोकांना दरवर्षी शिकवते. दुसरा ट्रे मी स्वतः आणला.

१७ जून

मोठ्या आतड्यात गाठ, उजव्या बाजूला. यकृतात पोचलंय. सर्जन तरुण आहेत, नीट समजावून सांगतात. म्हणाले, हे असं हळूहळू रक्त सांडतं, बाहेर काही दिसत नाही, लोह संपत जातं. म्हणून वयस्क माणसाचं लोह कमी झालं की आधी पोट बघायचं. मी मान डोलावली. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

मी विचारलं, चार महिने आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मग म्हणाले, कदाचित शस्त्रक्रिया करता आली असती. आईने शस्त्रक्रिया, केमो काही नको म्हणून सांगितलं. धाकटी आली आहे. माझ्याकडे बघत नाही, सारखी आईचे पाय चेपत बसते.

३ जुलै

साहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "मला दाखवायचं होतंस." एवढंच. ओरडले असते तर मी ओरडून उत्तर दिलं असतं.

इस्पितळात रक्त चढवण्याआधी काढलेल्या आईच्या ट्यूबमधून मोठी तपासणी झाली होती, तिचा निकाल त्यांनी मागवून घेतला. तिच्यात वारशाचं काही नाही. म्हणजे माझं रक्त बाबांचं. आईला सांगितलं तर खुदकन हसली. म्हणाली, "म्हणजे त्यांचं काहीतरी तुझ्यात आहे. मी शोधून थकले होते."

२१ ऑगस्ट

आता ती घरी आहे. खिडकीजवळ पलंग लावलाय. जेवण चार चमच्यांवर आलंय. पेपर मी वाचून दाखवते आणि ती डोळे मिटून चुका काढते. ऐकून कशा काढते देव जाणे, पण काढते.

आज धाकटी औषधं आणायला गेली तेव्हा मी दार लावून घेतलं आणि आईला सांगितलं. ट्यूब, गाळ, भागाकार, साहेबांना न दाखवणं, सगळं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. ती ऐकत होती. मध्ये फक्त एकदा विचारलं, गाळ म्हणजे खालचं दाट का. हो म्हटलं.

मग म्हणाली, "आमच्या छापखान्यात एक नियम होता. स्वतः लिहिलेलं स्वतः तपासायचं नाही. चूक दिसतच नाही. काय लिहिलंय ते आधीच माहीत असतं, म्हणून डोळा पुढे पळतो."

मी म्हटलं, हा नियम मला का नाही सांगितलास. म्हणाली, "तू कुठे लिहीत होतीस? मला वाटलं तू मोजतेस."

मी विचारलं, काळं होतंय हे मला नीट का सांगितलं नाहीस. विचारलं होतं की एकदा, म्हणाली. तेव्हा आठवलं. मी किल्ली शोधत होते.

थोड्या वेळाने तिने माझा हात धरला. तिचा हात आता नुसता हाडांचा. म्हणाली, "पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली की आम्ही शुद्धिपत्र चिकटवायचो. घरात शुद्धिपत्र वाटत बसायचं नसतं. धाकटीला सांगू नकोस. मी गेल्यावर तुला तिच्याशिवाय कोण आहे?"

मी हो म्हटलं. आईचं ऐकलं की स्वतःची सोय बघितली, हे मला ठरवता येत नाही.

१५ सप्टेंबर

आई सकाळी सव्वासहाला गेली. आम्ही दोघी होतो.

२२ सप्टेंबर

लॅबमध्ये जाऊन बसले. नवीन लोकांनी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला. कामाला हात लावायची इच्छा नव्हती. साहेब म्हणाले, घरी जा. घरी कशाला जाऊ.

४ ऑक्टोबर

धाकटी उद्या परत जाणार. आज कपाट आवरताना शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांना ती सांगत होती की ताई होती म्हणून आईचं एवढं नीट झालं, ताई लॅबमध्ये नसती तर आम्हाला काही कळलंसुद्धा नसतं. गेले तीन आठवडे ती प्रत्येकाला हेच सांगतेय. मी प्रत्येक वेळी चहा बघायला आत जाते.

काकू गेल्यावर धाकटी म्हणाली, माझ्या लेकीला सारखी चक्कर येते, फिकट झालीय. तिचं रक्त तुझ्याकडेच पाठवते, तिकडच्या डॉक्टरांवर माझा विश्वास नाही, तूच बघ. मी म्हटलं, साहेब बघतील. म्हणाली, साहेब नको, तूच. मी पुन्हा नाही म्हटलं. तिचा चेहरा उतरला. विचारलं, का.

आईला दिलेला शब्द मला तिथे पाळता येईना. भाचीचं रक्त माझ्या हातात द्यायला निघाली होती ती, माझ्यावर विश्वास ठेवून. मी तिला खाली बसवलं आणि एकोणीस फेब्रुवारीपासून सांगितलं. वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. सगळी चूक पाचसात मिनिटांत सांगून होते.

ती घडी घातलेला आईचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या रागाची वाट बघत होते. ती म्हणाली, "मला एप्रिलमध्येच माहीत होतं."

काय, मी विचारलं.

"आईने फोनवर सांगितलं होतं, रक्त पडतंय म्हणून. मी म्हटलं ताईला सांग. तर म्हणाली, ताईने बघितलंय, तिचं चुकत नाही. आता पुन्हा विचारलं तर तिला वाटेल माझा विश्वास नाही. मला शपथ घातली. मेमध्ये मी तुला सांगायलाच फोन केला होता. तू म्हणालीस लांबून काळजी करू नकोस. मला राग आला. म्हटलं, मग बघ तुझं तूच."

स्वेटरची घडी मोडून तिने पुन्हा घातली.

"जुलैमध्ये मी आईचे पाय धरले. ती म्हणाली, हे ताईला कधी कळू देऊ नकोस, आता तिचं घर हेच तुझं माहेर."

भाचीची तपासणी साहेबांकडेच करायची ठरलं, धाकटीने तिथूनच फोन करून वेळ घेतली. नंतर आम्ही दोघी खाली फरशीवर कपाटाला टेकून बसलो. बाहेर अंधारून आलं तरी दिवा लावायला कोणी उठलं नाही. मग तिने विचारलं, आईला दोघींपैकी कोणाचा जास्त राग आला असेल.

"कोणाचाच नाही," मी म्हणाले.

आला असता तर बरं झालं असतं.